ग्राफिक्स कार्ड सगळ्यात शेवटी!

परवा मेसमध्ये सेकंड इयरची एक ज्युनियर ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. वरण वाढून घ्यायच्या आधीच प्रश्न : "ताई, पंच्याहत्तर हजारात बेस्ट गेमिंग पीसी कोणता? आणि पुढे अपग्रेड पण झाला पाहिजे हं!" मी म्हटलं, आधी एसएमपीएस ठरव. तिचा चेहरा असा झाला, की तिने वाढदिवसाच्या केकबद्दल विचारलं होतं आणि मी तिला चमचे मोजायला लावले! तिला कार्डाचं नाव ऐकायचं होतं. सगळ्यांना तेच ऐकायचं असतं. तिला मेसमध्ये जे नीट सांगता आलं नाही ते इथे लिहिते आहे.

मित्रांनो, आधीच एक कबुली. मी कॉन्व्हेंटवाली. आमच्या शाळेत मराठी म्हणजे आठवड्यातून चार तास आणि बाकी वेळ 'स्पीक इन इंग्लिश'. त्यामुळे शुद्धलेखन संपादकांच्या भरवशावर सोडलं आहे. आकड्यांचा गोंधळ मात्र माझा स्वतःचा. त्याचा किस्सा पुढे येईलच.

माझं घर तोरणमाळला. सातपुड्यात, साधारण ११५० मीटर उंचीवर. शहाद्याहून एसटीने म्हसावद, राणीपूर करत घाट चढायचा. पर्यटकांना यशवंत तलाव आणि सीताखाई माहीत असते. आम्हाला त्याशिवाय लाइट कधी जाते तेही माहीत असतं. बाबा आश्रमशाळेत शिक्षक. मी बारावी झाल्यावर, २०२३ च्या जूनमध्ये, त्यांनी मला पहिला कॉम्प्युटर घेऊन दिला. ३८ हजारांत 'फुल सेट'. कॅबिनेटला पुढून काच, आत सात रंगांचे पंखे, आणि दुकानदार अगदी प्रेमाने म्हणाला, "एसएमपीएस कॅबिनेटसोबत फ्री आहे सर." बाबा खूश, मी त्याहून खूश.

तो फ्री एसएमपीएस बरोबर एक वर्ष चालला. २०२४ च्या जूनमध्ये पहिला वादळी पाऊस आला, ट्यूबलाइट एकदम पांढरी झाली, कॅबिनेटमधून फट् असा आवाज, आणि मग तो वास. ज्याने एकदा घेतला आहे त्याला सांगायची गरज नाही. एसएमपीएस गेला, त्याच्याबरोबर मदरबोर्ड गेला आणि हार्ड डिस्क पण गेली. माझ्या गेम्सचं काही नाही हो, त्या परत डाउनलोड होतात (तोरणमाळला आमच्या घरी जी रेंज येते त्यात चार-पाच दिवस लागतात ही गोष्ट वेगळी). पण त्या डिस्कवर बाबांनी शाळेतल्या मुलांचे काढलेले बारा वर्षांचे फोटो होते. गॅदरिंग, सहली, वृक्षारोपण, दरवर्षीचा दहावीचा ग्रुप फोटो. बॅकअप नव्हता. बाबा मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी वायरमन येऊन बघून गेला. म्हणाला, न्यूट्रल सुटला होता. आता फर्स्ट इयरला बेसिक इलेक्ट्रिकलमध्ये थ्री फेज फोर वायर सिस्टीम आपण सगळ्यांनी रट्टा मारून पास केलेली आहे. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, दोन फेजमध्ये ४०० च्या आसपास. न्यूट्रल तुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरं दोन फेजच्या मध्ये एकमेकांशी सिरीजमध्ये येतात, आणि ज्या बाजूला लोड कमी त्या बाजूच्या वाट्याला व्होल्टेज जास्त. आमच्या घरात तेव्हा फक्त एक ट्यूब आणि कॉम्प्युटर चालू होता. व्हायवाला हाच प्रश्न आला असता तर मी फाडफाड उत्तर दिलं असतं. घरात मात्र डोक्यातही आलं नाही!

म्हणून माझं मत असं झालं आहे, आणि ते हॉस्टेलमधल्या नव्वद टक्के गेमर मंडळींना पटणार नाही : आपल्यासारख्यांनी पीसी बांधताना पैसे आधी न दिसणाऱ्या वस्तूंवर घालावेत. एसएमपीएस, यूपीएस, मदरबोर्ड. ग्राफिक्स कार्ड सगळ्यात शेवटी, आणि पैसे नाही उरले तर सहा महिन्यांनी.

आता एसएमपीएसवर थोडं जास्त बोलते, कारण त्यावर कुणीच बोलत नाही. स्वस्त एसएमपीएसच्या स्टिकरवर मोठ्या अक्षरात ४५० लिहिलेलं असतं. ते वाचू नका. खाली बारीक अक्षरात तक्ता असतो, त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा. माझ्या जळक्या एसएमपीएसवर १६ होते. बारा सोळं किती? १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही मुख्यतः याच १२ व्होल्टवर जगतात, म्हणजे नावाला ४५० आणि कामाला १९२. दुसरं, '८० प्लस'चं लेबल. हा कार्यक्रम २००४ पासून चालू आहे आणि चांगला आहे, पण तो फक्त कार्यक्षमता सांगतो, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती कामाला लागली. सुरक्षिततेचं ते सर्टिफिकेट नाही. सुरक्षिततेसाठी ओव्हर व्होल्टेज, ओव्हर करंट, शॉर्ट सर्किट अशी प्रोटेक्शन्स बॉक्सवर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेली आहेत का, आणि वॉरंटी पाच वर्षांची आहे का, हे बघायचं. चांगला एसएमपीएस अमर नसतो. पण त्याला मरायचं झालं तर तो एकटा मरतो, माझ्यावाल्यासारखा शेजाऱ्यांना घेऊन जात नाही.

वॅटचा हिशोब पण सोपा आहे. मी घेतलेला प्रोसेसर, रायझन ५ ७६००, पूर्ण जोर लावला तर ८८ वॅटपर्यंत जातो. मधल्या बजेटची कार्डं ११५ ते १७० वॅटच्या दरम्यान असतात : आरटीएक्स ४०६० ला ११५, आरटीएक्स ३०६० ला १७०. बाकी बोर्ड, पंखे, एसएसडी मिळून पन्नास-साठ धरा. बेरीज तीनशेच्या जवळ. म्हणजे खरा ५५० पुरतो. मी ६५० घेतला, कारण कार्डं क्षणभरासाठी त्यांच्या लिहिलेल्या वॅटपेक्षा बरंच जास्त ओढतात, आणि पुढचं कार्ड मोठं आलं तर पुन्हा हा खर्च नको. अपग्रेड म्हणजे खरं तर हेच. आज शंभर-दोनशे वॅट मोकळे ठेवले तर उद्या कार्ड बदलता येतं. दुकानदार 'अपग्रेडेबल है' म्हणतो तेव्हा त्याला विचारा, कशाने?

तर आकड्यांचा किस्सा. जून २०२५ मध्ये मी आणि माझा धाकटा भाऊ खरेदीला सुरतला गेलो. (नंदुरबारच्या लोकांना खरेदीला मुंबई-पुण्यापेक्षा सुरत जवळ पडतं, सरळ रेल्वे आहे.) भाऊ तेव्हा नुकताच दहावी झालेला. पूर्ण वेळ दुकानदार त्याच्याकडे बघून बोलत होता! प्रश्न मी विचारायचे, उत्तर त्याला मिळायचं. भाऊ बिचारा यूपीएस आणि एसएमपीएस एकच समजत होता. शेवटी मी एसएमपीएसचा भाव विचारला, तर दुकानदार मराठीत म्हणाला, "एकोणसाठशे." माझ्या कॉन्व्हेंट डोक्यात ते सहा हजार नऊशे झालं आणि मी ताडकन म्हटलं, "नाही, सहा हजाराच्या वर एक रुपया नाही!" त्यावर दुकानदार पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला. म्हणाला, "ताई, मी ५९०० च सांगतोय."

बजेट पंच्याहत्तर हजार होतं. पंचेचाळीस बाबांचे, बाकी माझ्या स्कॉलरशिपचे आणि आईच्या भिशीचे. तेव्हाचं बिल असं : प्रोसेसर १७,५००, बी६५० चिपसेटचा बोर्ड ११,८००, सोळा जीबीची एक डीडीआर५ स्टिक ४,२००, एक टीबी एसएसडी ५,४००, एसएमपीएस ५,९००, जाळीवालं कॅबिनेट ३,६००, चोवीस इंची १०८० पीचा मॉनिटर ९,८००, एक केव्हीएचा यूपीएस ५,४००, कीबोर्ड-माउस-हेडफोन २,३००. एकूण ६५,९००. उरले ९,१००, आणि तेवढ्यात नवं चांगलं कार्ड येत नाही. मी कार्ड न घेताच घरी आले.

बोर्ड आणि सॉकेटबद्दल इथे सांगायलाच हवं, कारण 'अपग्रेडेबल' या शब्दाचा अर्धा अर्थ तिथे आहे. २०१७ साल बघा. त्या वर्षी मार्चमध्ये एएमडीने एएम४ सॉकेटवर पहिले रायझन आणले. २०२२ च्या एप्रिलमध्ये त्याच सॉकेटला बसणारा ५८००एक्स३डी आला. ज्यांनी पाच वर्षांपूर्वी बोर्ड घेतला होता त्यातल्या पुष्कळांना फक्त बायोस अपडेट करून नवा प्रोसेसर लावता आला. त्याच २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये इंटेलने आठव्या पिढीचे प्रोसेसर आणले. सॉकेटचं नाव तेच, ११५१. पिनांची संख्या तीच. पण काही महिन्यांपूर्वी घेतलेल्या २०० सीरिजच्या बोर्डावर ते चालणार नाहीत! नंतर इंटेलचा १७०० सॉकेट बाराव्या ते चौदाव्या पिढीपर्यंत टिकला आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये १८५१ आला. एएमडीचा एएम५ सप्टेंबर २०२२ मध्ये आला आणि २०२७ पर्यंत व पुढेही त्याला साथ देऊ असं कंपनीने जाहीर केलं आहे. मी कुठल्या कंपनीची भक्त नाही. पण मला फायनल इयर झाल्यावर हा पीसी तोरणमाळला भावाकडे जायचा आहे आणि त्याने तो आणखी तीन-चार वर्षं चालवायचा आहे. म्हणून ज्या सॉकेटचं आयुष्य बाकी आहे तो घेतला.

कार्डाचं उलट आहे. सगळ्यात लवकर म्हातारं होतं ते कार्डच. डिसेंबर २०२४ मध्ये इंडियाना जोन्सचा 'ग्रेट सर्कल' हा गेम आला, त्याला रे ट्रेसिंग हार्डवेअर असलेलं कार्ड लागतंच. सेटिंग कितीही खाली आणा, १६६० सारखी जुनी कार्डं त्यात बाद. जी वस्तू सर्वात लवकर जुनी होते तिच्यासाठी जास्तीत जास्त थांबावं, एवढंच माझं म्हणणं.

थांबण्याची किंमत पण सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही नुसती शहाणपणा शिकवते. ७६०० मध्ये नावापुरतं ग्राफिक्स असतं. त्यावर व्हॅलोरंट सगळं लो करून चालला. एज ऑफ एम्पायर्स चालला. सीएस २ म्हणजे आरएफआयडीवरच्या सेमिनारचा स्लाइड शो! जुलै ते डिसेंबर, सहा महिने, माझ्या रूमवर 'साठ हजारांचा टाइपरायटर' बघायला लोक यायचे. रूममेटने दारावर तसा कागदच चिकटवला होता.

आणि एक ठिकाणी मी सपशेल चुकले. रॅम. एकच स्टिक घेतली, म्हटलं दुसरी दिवाळीनंतर घेऊ, स्लॉट रिकामा आहेच, अपग्रेड अपग्रेड! एक स्टिक म्हणजे सिंगल चॅनल, म्हणजे मेमरीचा रस्ता निम्मा. बिनकार्डाच्या पीसीला तर ते जास्तच जाणवतं. पण खरी मार पुढे होती. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव चढत सुटले. एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीकडे सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन या मोठ्या तिन्ही कंपन्या वळल्या. डिसेंबरमध्ये तर मायक्रॉनने आपला क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. मी ४,२०० ला घेतलेली स्टिक डिसेंबरमध्ये दुपटीहून महाग झाली होती. जूनमध्ये आणखी ४,२०० टाकले असते तर सुटले असते, आणि तेव्हा ते होते माझ्याकडे, त्या उरलेल्या ९,१०० मध्ये! म्हणजे 'नंतर घेऊ' हा सुद्धा एक जुगारच आहे. कार्डाच्या बाबतीत मी जिंकले, रॅमच्या बाबतीत हरले. आज ज्युनियरला मी सांगेन की रॅमची जोडी पहिल्याच दिवशी घे, हवं तर मॉनिटर सीनियरचा जुना घे. चार स्टिकच्या नादाला मात्र लागू नको, डीडीआर५ चार स्टिकवर बहुतेक वेळा हळू चालते.

कार्डात कशी जिंकले? आठव्या सेमला इंटर्नशिपसाठी पुण्याला निघालेल्या एका सीनियरने आपला पीसी सुटा करून विकायला काढला. त्याचं आरटीएक्स ३०६०, १२ जीबीवालं, २०२१ चं मॉडेल. मी १५,००० ला घेतलं. उरलेले ९,१०० आणि सहा महिन्यांत कॅन्टीन आणि वडापाव कमी करून जमवलेले ५,९००. सेकंडहँड कार्ड म्हटलं की सगळे घाबरवतात, आणि ते चूक नाही. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग बंद झालं तेव्हा रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात पोत्याने आली. पण हॉस्टेलमध्ये आपल्याला एक सोय आहे जी सुरतच्या दुकानात नाही. विकणारा तीन खोल्या सोडून राहतो! त्याच्याच मशीनवर मी एक तास गेम चालवला, तापमान बघितलं, पंख्याचा आवाज ऐकला, बिल आणि सीरियल नंबर ताडून घेतला. सेकंडहँड कार्ड, प्रोसेसर, कॅबिनेट घ्या खुशाल. एसएमपीएस कधीही नाही. आणि 'आय सेव्हन, १६ जीबी, फक्त बारा हजार' अशा पाट्या दिसल्या तर आधी पिढी विचारा. ऑफिसमधून निघालेले २०१२-१३ चे डबे असतात ते. पुष्कळांचा बोर्ड आणि एसएमपीएस वेगळ्याच मापाचे, बाजारातला दुसरा बसत नाही, आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी तरी लागते.

माझ्या मताविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा आपल्याच कॅम्पसमध्ये आहे, तोही सांगते. आमच्या वर्गातल्या एकाने पंच्याहत्तर हजारांतले चौतीस हजार कार्डावर घातले, बोर्ड जुन्या सॉकेटचा, एसएमपीएस १,८०० चा. दोन वर्षं झाली, काहीही बिघडलं नाही. पहिल्या दिवसापासून त्याने माझ्या दुप्पट-तिप्पट फ्रेम्सवर गेम्स खेळले. आणि हिशोबाने तो बरोबरच आहे : फ्रेम्स कार्डातूनच येतात, जगभर लोक गेमिंग पीसीत सगळ्यात जास्त पैसे कार्डावरच घालतात. फक्त त्याचं घर शहरात आहे, आपल्या हॉस्टेलला जनरेटर आहे आणि अर्थिंग चांगलं आहे. त्याचा पीसी कधी घाट चढलेला नाही. मला वाद घालायचा नाही. ज्याच्या गावाला व्होल्टेज २३० म्हणजे २३० च असतं त्याने खुशाल कार्डापासून सुरुवात करावी. पण या हॉस्टेलमध्ये अक्कलकुवा, धडगाव, शिरपूर, चोपड्याच्या वाड्या-वस्त्यांवरून आलेली किती मुलं आहेत? मे महिन्यात पीसी कुठे जाणार हे विचारल्याशिवाय त्यांना कार्डाचं नाव सांगू नये, असं मला वाटतं. ज्याला दर पंधरा दिवसांनी घरी पळायचंय त्याने सरळ लॅपटॉप घ्यावा, त्याचं कार्ड बदलता येत नाही हे माहीत असून.

घाटावरून आठवलं. एसटीने पीसी नेणार असाल तर कार्ड काढून वेगळं न्या. पाऊण-एक किलोचं कार्ड एका स्लॉटला लोंबकळत असतं, घाटातल्या वळणांवर तो स्लॉटच उखडतो. मोठा कूलर असेल तर तोही काढा. मी कार्ड टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन बसणार आहे. एका सीनियरने मला घाबरवलं होतं की तोरणमाळला हवा विरळ, पंखे काम करणार नाहीत. तेवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ८७ टक्के असतो, म्हणजे पंख्याला थोडं जास्त राबावं लागेल हे खरं. पण मे महिन्यात खाली शहाद्याला जी भट्टी असते ती वर नसते, त्यामुळे हिशोब बरोबरीत सुटतो. खरा त्रास पावसाळ्यात, जेव्हा ढग खिडकीतून घरात येतात. तेव्हा पीसी रोज थोडा वेळ तरी चालू ठेवायचा, आतली ऊब ओल जमू देत नाही. गेम खेळायला याहून चांगलं कारण आईला देता येणार नाही!

यूपीएसबद्दल एकच. तो बॅटरीसाठी घेऊ नका, गेम चालू असताना लाइट गेली तर पाच-सात मिनिटांत सेव्ह करून बंद करायचं, एवढंच. तो घ्यायचा मधे उभं राहण्यासाठी. बहुतेक घरगुती यूपीएस साधारण १४० ते २९० व्होल्टपर्यंत सांभाळतात, त्यापुढे लाइन तोडून बॅटरीवर जातात. ४०० आले तर कदाचित यूपीएसही जाईल, पण आधी तो जाईल. घेताना व्हीए नाही, वॅट विचारा : ६०० व्हीएचा म्हणजे साधारण ३६० वॅटच. आणि तुमचा एसएमपीएस त्यावर खरंच चालतो का हे प्लग उपटून दुकानातच बघा, काही जोड्या जमत नाहीत.

पण यूपीएस, एसएमपीएस सगळ्यांची प्रोटेक्शन्स नीट काम करायला तिसरी पिन जमिनीला खरंच जोडलेली असावी लागते. आमच्या घरी ती नुसतीच भिंतीत होती, पलीकडे काही नाही. हे मी दिवाळीत टेस्टरने बघून बाबांना सांगितलं तेव्हा ते गप्प बसले होते. गेल्या रविवारी त्यांचा फोन आला. घरामागे खड्डा खणायला घेतलाय, दीड मीटरवर मुरूम लागला आहे, कोळसा म्हसावदहून आणला. मग म्हणाले, "तुझ्या पुस्तकात बघून सांग गं, मीठ किती किलो लागतं?"